हँडब्रेक ओढला, तरी गाडी का सरकते?

आज आपण हँडब्रेकबद्दल बोलणार आहोत. पायाचा ब्रेक बिघडला तर तो पहिल्याच वळणावर कळतो, कारण पाय त्याच्यावरच असतो. हँडब्रेकचं तसं नाही. त्याचं काम सुरू होतं ते आपण गाडीतून उतरल्यावर. तो दगा देतो तेव्हा स्टिअरिंगवर कोणीच नसतं. मागच्या सीटवर झोपलेलं लेकरू मात्र असू शकतं, किंवा गाडीच्या मागून डबा घेऊन जाणारी सासूबाई असू शकते. म्हणून हा विषय मिस्त्रीचा आहे असं म्हणून सोडून देऊ नका. दुरुस्ती मिस्त्री करेल, पण बिघाड ओळखणं आपल्याच हातात आहे.

आपल्या जिल्ह्यात आता अनेक घरांसमोर एखादी लहान गाडी उभी दिसते. बरेचदा ती जुनी घेतलेली असते, आधी दोन-तीन हातांतून गेलेली. आमगाव, गोरेगाव, देवरी, सडक अर्जुनी अशा ठिकाणी शाळेत, दवाखान्यात, बँकेत नोकरीला जाणाऱ्या बाया ती स्वतः चालवतात. आपला मुलूख सपाट, धानाच्या बांध्यांचा. त्यामुळे हँडब्रेक ढिला असला तरी महिनोन्‌महिने कळत नाही. मग एखाद्या रविवारी आपण नवेगावबांधला जातो किंवा दरेकसा-सालेकसाकडच्या डोंगराळ भागात जातो, गाडी चढावर उभी करतो आणि तेव्हा ती सरकते. गावातल्या तलावाच्या पाळीवर चढणारा रस्ताही त्याला पुरेसा होतो.

हँडब्रेक चालतो कसा

सायकलचा ब्रेक सर्वांनी पाहिला आहे. मूठ दाबली की तार ओढली जाते आणि चाकाजवळचे रबर चाकाला आवळतात. गाडीचा हँडब्रेक याच जातीचा आहे. दोन सीटच्या मधला दांडा वर ओढला की त्याला जोडलेली पोलादी केबल ओढली जाते. ही केबल गाडीच्या पोटाखालून मागे जाते आणि दोन फाट्यांनी मागच्या दोन चाकांपर्यंत पोहोचते.

बहुतेक लहान गाड्यांच्या मागच्या चाकांत ड्रम असतो. ड्रम म्हणजे पातेल्यासारखं लोखंडी भांडं, ते चाकाबरोबर फिरतं. त्याच्या आत चंद्रकोरीसारख्या दोन पट्ट्या असतात. त्यांना ब्रेक शू म्हणतात आणि त्यांच्यावर जे घासणारं अस्तर चिकटवलेलं असतं ते लायनर. केबल ओढली की आतली एक छोटी पट्टी या दोन शूंना बाहेर ढकलते, लायनर ड्रमला आतून घट्ट टेकतात आणि चाक थांबतं. दांड्याच्या बुडाशी दातेरी पट्टी असते. दांडा वर घेताना जो टक-टक आवाज येतो, तो त्या दातांचा. दांडा जिथे सोडाल तिथे त्या दातात अडकून राहतो आणि टोकाचं बटण दाबलं की सुटतो.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती गेली. तेव्हापासून आजच्या अनेक लहान गाड्यांपर्यंत ही रचना फारशी बदललेली नाही. त्यामुळे गाडी कोणतीही असो, आज सांगितलेलं बरंचसं तिला लागू पडेल. काही नव्या, महाग गाड्यांत दांड्याऐवजी बटण असतं. त्यांचं काम वेगळं आहे, त्यांच्या वाटेला घरी जाऊ नका.

लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे पायाचा ब्रेक चालतो ब्रेक ऑइलच्या दाबावर आणि हँडब्रेक चालतो केबलवर. शू तेच, पण त्यांना ढकलणारे हात दोन. एक हात गळाला तरी दुसरा कामाला यावा, हा त्यामागचा विचार. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये मोटारीला पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक असे दोन स्वतंत्र ब्रेक हवेत असं सांगितलं आहे. आणि मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२६ सांगतं की चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस नसेल तर इंजिन बंद करून ब्रेक लावल्याशिवाय, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी सोय केल्याशिवाय, ती सार्वजनिक जागी उभी ठेवू नये.

गिअर बिघाड झाकतो

पुष्कळ जणींची सवय अशी असते: गाडी थांबवली, गिअर टाकला, इंजिन बंद केलं, मग हँडब्रेक ओढला. यात गाडी गिअरनेच धरून ठेवलेली असते. हँडब्रेक पूर्ण निकामी असला तरी पत्ता लागत नाही. मग एक दिवस इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये, फक्त हँडब्रेकच्या भरवशावर आपण फाटक उघडायला उतरतो, आणि त्या दिवशी गाडी निघते.

म्हणून क्रम बदला. गाडी थांबली की पाय ब्रेकवरच ठेवा. हँडब्रेक ओढा. गिअर न्यूट्रलला आणा. आता पाय ब्रेकवरून हळूहळू उचला. गाडीचा भार हँडब्रेकवर आला. ती जराही सरकली तर लगेच पाय ठेवा, तुम्हाला उत्तर मिळालं. नाही सरकली तर इंजिन बंद करा आणि मग गिअर टाका. अशी ही रोजची तपासणी बसल्या जागी, चार सेकंदांत होते.

महिन्यातून एकदा जरा नीट तपासा. सपाट, मोकळ्या जागी गाडी उभी करा. पायाचा ब्रेक दाबून दांडा सावकाश वर घ्या आणि खटके मोजा. बहुतेक लहान गाड्यांत साधारण चार ते आठ खटक्यांत दांडा घट्ट व्हायला हवा. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो, तो पाहून ठेवा. गेल्या महिन्यात सहा होते आणि आता नऊ झाले, तर काहीतरी झिजतं आहे हे समजा.

मग हलक्या उतारावर पाहा. चाकाच्या उताराकडच्या बाजूला वीतभर अंतरावर एक मोठा दगड आधीच ठेवा. गाडीच्या पुढे-मागे कोणी उभं राहू नये, मुलांना तर जवळ येऊच देऊ नये. तुम्ही सीटवरच बसा, हँडब्रेक लावा, न्यूट्रल करा आणि पाय ब्रेकच्या अगदी वर तयार ठेवून उचला. शेवटी सपाट जागी हँडब्रेक पूर्ण सोडा आणि पाहा, हलक्या धक्क्याने गाडी मोकळी सरकते का. धरणं जितकं महत्त्वाचं, तितकंच सोडणंही.

लक्षणावरून कारण

दांडा खूप वर येतो आणि तरी गाडी सरकते. हे सर्वांत जास्त आढळणारं लक्षण. याची कारणं दोन. लायनर झिजले आहेत, किंवा केबल ताणून लांबली आहे. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. दांड्याच्या बुडाशी केबलचा नट असतो. तो दोन आटे आवळला की दांडा लगेच घट्ट लागतो, काम पाच मिनिटांत होतं. पण मूळ दोष लायनरचा असेल तर हे योग्य नाही. ड्रमच्या आत एक छोटा ॲडजस्टर असतो. लायनर झिजतील तसा तो शू थोडे थोडे बाहेर सरकवतो. केबल फाजील आवळली की आतली पट्टी पूर्ण मागे येत नाही, ॲडजस्टरचं काम अडतं आणि लायनर ड्रमला घासत राहतात. म्हणून आधी ड्रम उघडून लायनर पाहायचे, शूचं अंतर बसवायचं आणि सर्वांत शेवटी केबलला हात लावायचा. कंबर बारीक झाली असेल तर नाडी आवळून भागतं, पण कापडच विरलं असेल तर नाडी आवळून काय उपयोग!

दांडा थोड्याच खटक्यांत घट्ट होतो, तरी गाडी धरत नाही. म्हणजे ओढ लागते आहे, पण पकड नाही. लायनर ओले असतील, घासून काचेसारखे गुळगुळीत झाले असतील किंवा त्यांच्यावर तेल आलं असेल. आत शूजवळ ब्रेक ऑइलचा छोटा सिलिंडर असतो. तो गळू लागला की ऑइल थेट लायनरवर पसरतं. बॉनेटखाली ब्रेक ऑइलची पांढरट डबी असते, तिच्यातली पातळी पाहा. ती खाली गेली असेल किंवा मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर डाग असेल, तर हा प्रश्न हँडब्रेकपुरता राहिलेला नाही. पायाचा ब्रेकही धोक्यात आहे. गाडी चालवू नका, मिस्त्रीला घरी बोलवा. केबल गंजून मधेच अडकली असेल तरी दांडा असाच कडक लागतो, कारण तुमची ताकद चाकापर्यंत पोहोचतच नाही.

दांडा अगदी हलका, विहिरीत सोडलेल्या दोरासारखा वर येतो. केबल तुटली आहे किंवा आकड्यातून निसटली आहे. इथे आवळून काही होत नाही, केबल बदलावी लागते.

दांडा वर घेतला की राहत नाही, खाली घसरतो. दोष चाकात नसून दांड्याच्या बुडाशी आहे. दाते झिजलेत किंवा बटणाची स्प्रिंग गेली आहे. बटण न दाबता रोज करकर करत दांडा ओढल्याने दाते झिजायला मदतच होते. वर घेताना बटण दाबून ठेवा आणि घट्ट लागल्यावर सोडा.

हँडब्रेक सोडला तरी गाडी अडखळत चालते. मागून कोणी धरून ठेवल्यासारखं वाटतं, जळका वास येतो, पेट्रोल जास्त लागतं. गाडी थांबवून मागच्या चाकाजवळ हात न्या, पण टेकवू नका. एका चाकाची धग दुसऱ्यापेक्षा जास्त जाणवली तर त्या बाजूचा शू सुटलेला नाही. केबल गंजली असेल, शूंना मागे खेचणारी स्प्रिंग सैल झाली असेल किंवा कोणी केबल फाजील आवळली असेल. अशीच दामटली तर ड्रम तापून लायनर जळतात.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझत नाही. आधी दांडा पूर्ण खाली आहे ना, पाहा. असेल तर ब्रेक ऑइलची डबी पाहा. अनेक गाड्यांत हँडब्रेकला आणि ऑइल कमी झाल्याला एकच दिवा असतो. ‘हँडब्रेकचा दिवा आहे, राहू द्या’ असं म्हणून पुढे जाऊ नका.

आपल्याकडचा पावसाळा

आपल्या भागात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. रोवणीच्या दिवसांत रस्त्यावर बांध्यांतला चिखल येतो, नाल्यावरच्या रपट्यावरून पाणी वाहतं. चाक पाण्यातून गेलं की ड्रममध्ये पाणी आणि बारीक गाळ शिरतो. बाहेर आल्यावर लगेच गाडी उभी करू नका. मागे कोणी नाही हे पाहून हळू चालवत पायाचा ब्रेक तीन-चार वेळा हलकेच दाबा. घासण्याच्या उष्णतेने लायनर सुकतात.

ओला ड्रम आणि वर ओढलेला हँडब्रेक अशी गाडी चार दिवस उभी राहिली की लायनर गंजाने ड्रमला चिकटतो. लग्नाला, माहेरी किंवा सुट्टीत बाहेरगावी गेलात आणि परत आल्यावर गाडी हलेना, तर बहुधा हेच झालेलं असतं. इंजिन चालू करून आधी पुढे, मग मागे, अगदी हलका जोर देऊन पाहा. पुष्कळदा ‘टक्’ असा आवाज होऊन चाक सुटतं. नाही सुटलं तर जोर वाढवू नका, लायनर शूवरून उपटून येतो. मिस्त्रीकडून ड्रम सोडवून घ्या.

गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागा निवडा, गिअर टाका, पुढच्या आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा आणि मग हँडब्रेक सोडून ठेवा. उभ्या बंडीच्या चाकाला दगड लावायची आपल्याकडची जुनी रीत इथे तशीच उपयोगी पडते.

दुरुस्ती होईपर्यंत

आज कळलं की हँडब्रेक धरत नाही आणि मिस्त्री परवा येणार आहे. तोवर उतारावर गाडी उभी करूच नका. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. ऑटोमॅटिक गाडी असेल तर पी. चाकाला दगड लावा. पुढची चाकं रस्त्याच्या कडेकडे वळवून ठेवा, म्हणजे सरकलीच तर गाडी रस्त्याच्या मधोमध जाणार नाही. इंजिन चालू ठेवून उतरू नका, मिनिटभरासाठीही नाही. आणि मुलांना गाडीत एकटं ठेवू नका. हा नियम हँडब्रेक चांगला असला तरी पाळायचा, कारण तो दांडा आणि ते बटण चार वर्षांच्या मुलाच्या हाताला सहज लागतं.

पंक्चर काढताना विशेष जपा. हँडब्रेक फक्त मागची चाकं धरतो. मागचं एक चाक जॅकने उचललं की राहतं एकच. म्हणून जे चाक काढायचं त्याच्या तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका. जॅकवरच्या गाडीखाली तर कोणीही जाऊ नये.

चालत्या गाडीत पायाचा ब्रेक अचानक गेला तर हाच हँडब्रेक उपयोगी पडतो. पण तो खसकन ओढायचा नाही, मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. आधी पेडल भराभर चार-पाच वेळा दाबून पाहा, गिअर एकेक खाली आणा आणि बटण दाबून धरूनच दांडा थोडा थोडा वर घ्या. बटण दाबलेलं असलं की गाडी घसरतेय असं वाटताच दांडा खाली सोडता येतो.

गॅरेजमध्ये काय बोलायचं

‘हँडब्रेक खराब आहे’ एवढंच सांगितलं की नट आवळून गाडी परत मिळण्याची शक्यता जास्त. म्हणून लक्षण सांगा. ‘आधी सहा खटक्यांत लागायचा, आता दहा लागतात आणि उतारावर सरकते. दोन्ही ड्रम उघडून लायनर दाखवा.’ एवढं वाक्य बोललात की समोरचा माणूस वेगळ्या पद्धतीने ऐकू लागतो. मग विचारा: लायनर किती उरलेत? सिलिंडर ओला आहे का? केबल मोकळी सरकते का? लायनर बदलायचे असतील तर दोन्ही चाकांचे एकदम बदला, एकाच बाजूचे बदलले तर दोन चाकांची पकड सारखी राहत नाही. काढलेले जुने भाग परत मागा आणि बिलावर भागांची नावं लिहून घ्या. ड्रममधली काळी भुकटी कोणी तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवत असेल तर तिथून दूर उभ्या राहा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसांना घातक आहे.

गाडी ताब्यात घेण्याआधी मागची दोन्ही चाकं उचलून दाखवायला सांगा. दांडा एकेक खटका वर घेताना दोन्ही चाकं सारखीच घट्ट व्हायला हवीत आणि सोडल्यावर दोन्ही हाताने मोकळी फिरायला हवीत. मग पैसे द्या.

प्रत्येक दोष झिजेचाच असतो असंही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीने वॅगन-आर, सेलेरिओ आणि इग्निस मिळून ९,९२५ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या, कारण मागच्या ब्रेकच्या असेंब्लीतल्या एका पिनमध्ये दोष असण्याची शक्यता होती. अशा वेळी सदोष भाग कंपनी फुकट बदलून देते. जुनी गाडी घेताना तिच्या चासी नंबरवरून अशी काही सूचना निघाली होती का आणि काम झालं का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून घ्या. आणि गाडी पाहायला जाल तेव्हा रंग, सीटकव्हर, टेपरेकॉर्डर नंतर. आधी तिला एका चढावर न्या, हँडब्रेक लावा आणि पाय उचला.

आज संध्याकाळी गाडी दारात लागेल तेव्हा एकदा खटके मोजा आणि तो आकडा तारखेसह कॅलेंडरवर लिहून ठेवा. घरात दुसरं कोणी गाडी चालवत असेल तर त्यांनाही दाखवा. पुढच्या महिन्याचा आकडा त्याच्याखाली लिहिला की तुमची गाडी काय सांगते आहे ते तुम्हालाच वाचता येईल.